फोटोत ‘काही नाही’ म्हणजे काय?



मागच्या सत्रात, डिसेंबरच्या क्रीडा सप्ताहात, आपल्या दहावीच्या वर्गातला एक विद्यार्थी खो-खो खेळताना पडला. खांबाजवळ तोल गेला आणि सगळा भार उजव्या हाताच्या तळव्यावर आला. मनगट थोडे सुजले, खेळ-शिक्षकांनी बर्फ लावला आणि संध्याकाळी वडील त्याचा फोटो काढून घेऊन आले. तिसऱ्या दिवशी ते पाकीट घेऊन आमच्या कक्षात आले आणि म्हणाले, “सर, फोटोत काहीच नाही आलं.” आम्ही फिल्म खिडकीसमोर धरली, जाणकारासारखी मान हलवली आणि सोबतच्या कागदावरची पहिली ओळ वाचली. स्पष्ट फ्रॅक्चर दिसत नाही, असे इंग्रजीत लिहिले होते. शनिवारी आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना होता. आम्ही मुलाला विचारले, “खेळशील का रे?” तो हो म्हणाला. पंधरा वर्षांचा मुलगा अशा वेळी दुसरे काय म्हणणार?

दोन आठवड्यांनी त्याला पेन धरवेना. दुसऱ्यांदा फोटो काढला तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या एका छोट्या हाडात, ज्याला डॉक्टर स्कॅफॉइड म्हणतात, तडा स्पष्ट दिसला. हात प्लास्टरमध्ये गेला. बोर्डाची परीक्षा तोंडावर, म्हणून लेखनिकाच्या परवानगीसाठी धावपळ करावी लागली. मुलाच्या आजी आम्हाला भेटायला आल्या, एक शब्दही वाकडा बोलल्या नाहीत, पण ते जुने पाकीट त्यांनी टेबलावर ठेवले. आम्ही कागद पुन्हा वाचला. पहिल्या ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती: दुखणे राहिल्यास दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा. ती आम्ही वाचलीच नव्हती.

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो, हा लेख त्या दुसऱ्या ओळीसाठी आहे. आमचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे शास्त्रीय शब्दांत कुठे हिंदीची छटा आली तर सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट ही की, आपण ज्याला फोटो म्हणतो तो फोटो नसतो, ती सावली असते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना निर्वात नळीतून निघणाऱ्या अज्ञात किरणांचा शोध लागला. अज्ञात म्हणून इंग्रजीत एक्स, आणि मराठीत क्ष-किरण. त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातली अंगठी दिसते. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. या शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही.

क्ष-किरण शरीरातून जाताना काही अडतात, काही पार होतात. स्नायू मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचे बनलेले असतात, तर हाडात कॅल्शियम असते. नववी-दहावीच्या मुलांनी अणुक्रमांक आठवावेत: ऑक्सिजनचा ८, कॅल्शियमचा २०. जड अणू किरण जास्त अडवतो, म्हणून हाड पांढरे दिसते आणि हवेने भरलेले फुप्फुस काळे. साध्या एक्स-रेमध्ये वाचणाऱ्याला पाचच छटा ओळखता येतात: हवा, चरबी, पाणी, हाड आणि धातू. स्नायू, रक्त, हृदय, यकृत हे सगळे ‘पाण्याच्या’ एकाच छटेत येतात. छातीच्या फोटोत हृदयाची बाह्य आकृती दिसते पण आतले कप्पे दिसत नाहीत, ते यामुळे.

आता त्या मनगटाकडे येऊ. लाकडी दाराच्या फळीत बारीक भेग असेल तर तिच्यातून उजेड केव्हा दिसतो? डोळा भेगेच्या अगदी रेषेत आला तरच. थोडे बाजूला सरकलात की फळी अखंड वाटते. हाडातल्या केसाएवढ्या तड्याचे तसेच आहे. किरण तड्याच्या रेषेतून गेला नाही आणि हाडाचे तुकडे जागचे हलले नसतील, तर सावलीत काहीच उमटत नाही. पुढे दहा-बारा दिवसांत शरीर तड्याच्या कडांचे हाड थोडे विरघळवते, भेग रुंदावते आणि मग ती दिसू लागते. म्हणजे पहिला फोटो चुकीचा नव्हता, वाचणारे डॉक्टरही चुकले नव्हते. चुकलो आम्ही, कारण ‘दिसत नाही’ हे वाक्य आम्ही ‘नाही’ असे वाचले. स्कॅफॉइडच्या बाबतीत हा फरक महाग पडतो. या हाडाचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकाने आत येतो. मधोमध तडा गेला की मनगटाकडच्या भागाचे रक्त तुटण्याची आणि तो भाग निर्जीव होण्याची भीती असते. म्हणून अनुभवी डॉक्टर फोटो स्वच्छ असला तरी अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तो दाबून पाहतात, आणि तिथे दुखले तर हात बांधूनच ठेवतात.

सावली वाचायची तर ती कशी पाडली हेही पाहावे लागते. भिंतीजवळ हात धरून मागून टॉर्च लावा, मग हात टॉर्चकडे आणा, सावली मोठी होत जाते. छातीचा फोटो काढताना रोग्याला फिल्मकडे तोंड करून छाती टेकवून उभे करतात आणि किरणांची नळी पाठीमागे सुमारे सहा फुटांवर ठेवतात, ते याच कारणाने. हृदय छातीच्या पुढच्या भागात असते, त्यामुळे असे केल्याने ते फिल्मच्या जवळ राहते आणि सावली फुगत नाही. पलंगावर झोपलेल्या रोग्याचा फोटो समोरून आणि जवळून घ्यावा लागतो, त्यात निरोगी हृदयसुद्धा मोठे दिसते. “श्वास घ्या, रोखून धरा” हे सांगणेही उगीच नसते. अर्धवट श्वासात फुप्फुसाचा खालचा भाग दाटलेला वाटतो आणि न्यूमोनियाचा भास होतो. आणखी एक गंमत: फिल्म पाहताना रोगी आपल्यासमोर तोंड करून उभा आहे असे मानतात, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. आम्ही खिडकीसमोर फिल्म धरली होती ती सरळ की उलटी, हे आजही सांगता येणार नाही.

सावलीची मोठी अडचण ही की पुढचे-मागचे सगळे एकावर एक पडते. यावर उपाय निघाला तो गणितातून, आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना सहज कळण्यासारखा आहे. चार घरांचा एक चौकोन घ्या, प्रत्येक घरात एक संख्या लपवलेली आहे. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ९. डाव्या स्तंभाची ११, उजव्या स्तंभाची ५. आत कोणत्या संख्या आहेत? कोणी म्हणेल वर ५, २ आणि खाली ६, ३. बरोबर. पण वर ४, ३ आणि खाली ७, २ लिहिले तरी चारही बेरजा जमतात! म्हणजे दोन दिशांनी पाहून उत्तर नक्की होत नाही. आता एकच माहिती जास्त द्या: वरच्या डाव्या घरापासून खालच्या उजव्या घरापर्यंतच्या कर्णाची बेरीज ८ आहे. लगेच दुसरे उत्तर बाद होते आणि पहिलेच खरे ठरते. सीटी स्कॅन हेच करतो. क्ष-किरणांची नळी रोग्याभोवती फिरते, शेकडो दिशांनी ‘बेरजा’ घेते, आणि संगणक त्यांवरून प्रत्येक घराची संख्या काढतो. या गणिताचा पाया योहान राडोन या गणितज्ञाने १९१७ मध्येच घातला होता, तेव्हा त्याच्या मनात रुग्णालय नव्हते.

यंत्र प्रत्यक्षात आणले इंग्लंडच्या ईएमआय कंपनीतील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. ही कंपनी बीटल्सच्या तबकड्या काढणारी म्हणून प्रसिद्ध होती, आणि त्या पैशावर सीटी तयार झाला असे कौतुकाने सांगतात, पण ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याचा पैसाही त्यात बराच होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. ते ८० गुणिले ८० घरांचे होते आणि एकेका कापाला काही मिनिटे लागत. आज एका श्वासात पूर्ण छाती होते. १९७९ चे नोबेल हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना विभागून मिळाले.

सीटीतल्या प्रत्येक घराच्या संख्येला हाउन्सफील्डचेच नाव आहे. पाणी म्हणजे ०, हवा म्हणजे उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, ताजे साकळलेले रक्त साधारण ५० ते ८०, घट्ट हाड १००० च्या घरात. एवढ्या छटा डोळ्याला एकदम ओळखता येत नाहीत, म्हणून वाचणारा डॉक्टर संगणकावर कधी फुप्फुसाची ‘खिडकी’ उघडतो, कधी हाडाची, कधी मेंदूची. माहिती तीच, पण एका खिडकीत जे लख्ख दिसते ते दुसरीत नाहीसे होते. त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला जाताना नुसती फिल्म नेऊ नये, सीडी किंवा मोबाईलवर आलेली पूर्ण प्रत न्यावी.

इथेही ‘काही नाही’ चा प्रश्न येतोच. घरातल्या कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तर रुग्णालयात आधी मेंदूचा सीटी करतात. मेंदूत रक्तस्राव असेल तर तो लगेच पांढरा दिसतो. पण रक्ताच्या गुठळीने वाहिनी बंद झाली असेल तर पहिल्या काही तासांत सीटी अगदी नॉर्मल दिसू शकतो. घरचे लोक म्हणतात, “काही नाही निघालं, चला घरी.” डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ उलट असतो: रक्तस्राव नाही, म्हणजे गुठळी विरघळवणारे औषध देता येईल. ते औषध सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आजोबांचे बोलणे नेमके किती वाजता अडखळले, ही वेळ लक्षात ठेवणारा नातू त्या दिवशी मोठी मदत करून जातो.

सोनोग्राफीत किरण नसतात, आवाज असतो. आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या २० हजार कंपनांच्या कितीतरी पलीकडे, सेकंदाला वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनांचा. हिंदीत आम्ही त्याला ‘पराश्रव्य’ शिकलो, मराठी पुस्तकांत ‘श्राव्यातीत’ असते. शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. प्रतिध्वनी १३० मायक्रोसेकंदांनी परत आला तर तो अवयव किती खोल आहे, हे आठवीच्या मुलांनी काढून पाहावे. जाण्यायेण्याचे अंतर निम्मे करायला विसरू नका, उत्तर १० सेंटिमीटर येते. पोटावर थंड जेली लावतात ती मधली हवा काढण्यासाठी, कारण हवेच्या थरावरून ध्वनी परत फिरतो. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये या पद्धतीवरील आपला महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. आणि प्रत्येक सोनोग्राफी केंद्राबाहेर “येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही” ही पाटी का असते, हे मोठ्या वर्गातल्या मुलामुलींना माहीत असायलाच हवे. १९९४ च्या कायद्याने ती तपासणी गुन्हा ठरवली आहे. एवढ्या चांगल्या यंत्राचा आपल्या देशात किती वाईट उपयोग झाला, याची ती पाटी साक्ष देते.

एमआरआयबद्दल पालकांचे प्रश्न सर्वांत जास्त येतात. शरीरात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन भरपूर. हायड्रोजनचे केंद्रक इवल्याशा चुंबकासारखे वागते. दीड टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट क्षेत्रात ठेवले की ही केंद्रके सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींना साद देतात. लहर बंद केली की ती पूर्वस्थितीवर येताना क्षीण संकेत सोडतात. चरबीतले हायड्रोजन वेगळ्या गतीने परततात, पाण्यातले वेगळ्या, सुजलेल्या भागातले आणखी वेगळ्या. त्या गतींतल्या फरकाचे चित्र बनते. एकाच गुडघ्याच्या एका चित्रमालिकेत पाणी काळे तर दुसरीत पांढरे दिसते, आणि दोन्ही मिळून अर्थ लावायचा असतो. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना यासाठी २००३ चे नोबेल मिळाले. रेमंड डमॅडियन यांना वगळले गेले, आणि त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत, पण धोका दुसरा आहे. अतिशीत द्रवरूप हेलियममध्ये ठेवलेला तो चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतो. २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन खोलीत गेलेल्या, रोगी नसलेल्या तरुणाचा जीव त्यात गेला. तेव्हा कर्मचारी किल्ल्या, घड्याळ, मंगळसूत्र, केसांच्या पिना काढायला सांगतात तेव्हा हुज्जत घालू नये, आणि पूर्वी शरीरात बसवलेली पट्टी, पेसमेकर किंवा क्लिप असेल तर आधीच सांगावे.

आमच्या वयाच्या पालकांसाठी आणि विश्वस्त मंडळींसाठी एक खास गोष्ट. कंबर दुखली की एमआरआय, आणि रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ वाचले की आता ऑपरेशन, असे अनेकांना वाटते. २०१५ मध्ये ३३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातली ३११० माणसे अशी होती ज्यांना पाठीचे काहीही दुखणे नव्हते. अशा धडधाकट लोकांपैकी विसाव्या वर्षी ३० टक्क्यांना, पन्नाशीत ६० टक्क्यांना आणि ऐंशीव्या वर्षी ८४ टक्क्यांना डिस्क बल्ज होताच. केस पांढरे व्हावेत तसाच हा प्रकार. म्हणजे चित्रात दिसले ते दुखण्याचे कारण असेलच असे नाही. मनगटाच्या गोष्टीत चित्रात नव्हते ते हाडात होते, इथे चित्रात आहे पण दुखणे कदाचित दुसरीकडेच आहे. रिपोर्टाच्या शेवटी ‘क्लिनिकल को-रिलेशन’ असे दोन शब्द असतात त्यांचा अर्थ हाच: रोग्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी लक्षणांशी पडताळून पाहावे. ते दोन शब्द डॉक्टर स्वतःच्या बचावासाठी लिहितात, असे आमचे पूर्वी मत होते. आता नाही.

वाचणाराही शेवटी माणूसच. २०१३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या सीटीत गाठी शोधायला सांगून त्यांनी शेवटच्या चित्रांमध्ये एका गोरिलाची आकृती घातली, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठी. २४ रेडिओलॉजिस्टांपैकी २० जणांना ती दिसली नाही, जरी अनेकांची नजर तिच्यावरून गेली होती. ते गाठी शोधत होते, आणि गाठी त्यांनी सामान्य माणसांपेक्षा कितीतरी जास्त शोधल्या. जे शोधायला सांगावे तेच नजर शोधते. तपासणीच्या चिठ्ठीवर नुसते ‘मनगट’ लिहिण्यापेक्षा ‘तळव्यावर पडला, अंगठ्याच्या मुळाशी दुखते’ असे लिहिलेले असेल तर वाचणारा नेमके तिथे पाहतो, त्या हाडासाठी वेगळ्या कोनातून एक फोटो जास्तही घेतो.

आता संगणकही वाचू लागला आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील व्यक्तींच्या छातीच्या डिजिटल एक्स-रेमध्ये क्षयाची शंका ओळखण्यासाठी अशा संगणक-प्रणाली वापरायला मान्यता दिली. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही तिथे याचा उपयोग मोठा आहे. शंका आली तरी थुंकीची तपासणी करावीच लागते. स्वीडनमध्ये ८० हजार स्त्रियांच्या स्तन-तपासणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. संगणकाच्या मदतीने हजारामागे सुमारे ६ कर्करोग सापडले, नेहमीच्या दोन डॉक्टरांच्या वाचनात सुमारे ५, आणि वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी घटले. अंतिम निर्णय दोन्हीकडे डॉक्टरांचाच होता.

किरणांच्या मात्रेबद्दल थोडक्यात. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. छातीच्या एका फोटोत ०.१ किंवा त्याहूनही कमी, छातीच्या सीटीत साधारण ७. म्हणून फोटोची भीती नको, पण “एकदा सगळा सीटीच करून टाका” हा आग्रह विशेषतः मुलांच्या बाबतीत धरू नये. डॉक्टरांनी आवश्यक म्हटला तर टाळूही नये.

त्या विद्यार्थ्याचे प्लास्टर मार्चमध्ये निघाले. हाड जुळले आहे, मनगट मागे वळवताना अजून थोडे ओढते. या सत्रापासून शाळेत असे ठरवले आहे की पडून दुखापत झालेल्या विद्यार्थ्याला केवळ फोटोच्या आधारावर मैदानात उतरवले जाणार नाही. त्याला तपासलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागेल, आणि रिपोर्टाचा कागद खेळ-शिक्षक व आम्ही दोघेही शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सही करू.

जानेवारीच्या विज्ञान प्रदर्शनात नववीचा वर्ग या विषयाचा कक्ष मांडत आहे. घरी जुन्या एक्स-रे किंवा सीटीच्या फिल्म पडून असतील तर नाव व तारीख असलेला भाग कापून त्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. कोणत्या हाताची किंवा पायाची, आणि तेव्हा काय दुखत होते, एवढे मागे चिकटवलेल्या कागदावर लिहून द्यावे.